मांडीवर ठेवायचं मशीन

प्रिय आकडेबाई,

पत्र बघून दचकू नकोस. लांबलचक मेसेज पाठवला तर तू उघडत नाहीस (एका संध्याकाळी सतरा पाठवले होते, त्याची शिक्षा अजून भोगतोय), आणि फोनवर बोलायला लागलो की माझा आवाज चढतो. कागदावर ओरडता येत नाही, एवढा एक फायदा. शनिवारी तू लॅपटॉप न्यायला दुकानात येणार आहेस, त्याआधी हे तुझ्या हाती पडायलाच हवं. ते मशीन घेताना तू माझा शब्द मानावास की मानू नयेस, एवढाच सगळा प्रश्न आहे. तुझे बाबा उद्या जुनं मशीन परत न्यायला येतील, तेव्हा पाकीट त्यांच्या पिशवीत, मशीनच्या खाली ठेवतोय, चिकटपट्टी दोनदा लावून. काका, तुम्हीच उघडलं असेल तर नमस्कार, आणि कृपा करून इथेच थांबा.

आधी तुझ्या मेसेजबद्दल. आठ महिने तुझ्याकडून चकार शब्द नाही. मी कॉलेज सोडून बाहेर पडलो त्या दिवशी फाटकापाशी तू म्हणाली होतीस, "तू नेहमी आधी ठरवतोस आणि मग कारणं शोधत बसतोस." मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही, पण मोठ्याने दिलं होतं, कारण फाटकावरचा रखवालदार खुर्ची सोडून उठला होता. आणि मग परवा-परवा, मी एका मशीनचा खालचा पत्रा उघडून बसलोय, दातात स्क्रू, आणि तुझे चार प्रश्न येऊन पडतात. कसा आहेस नाही, जेवतोस का नाही. "मध्यम किमतीतला लॅपटॉप घ्यायचाय. तू रोज हाताळतोस म्हणून विचारते." म्हणून विचारते! जणू मी भाजीवाला आणि तू वांगी ताजी आहेत का ते विचारतेयस. दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. मला संशयाचा वास आला.

आमच्या दुकानाला एक खोड आहे, ती तुला सांगायला हवी. मशीन दुरुस्तीला आलं की मालक गिऱ्हाईकाचं सगळं ऐकून घेतात, मान डोलावतात, पावती देतात. ते पायऱ्या उतरलं की मशीन उलटं करतात आणि खरी हकीकत सांगायला लागतात. जाळीत मांजराचे केस आहेत. बिजागरी एकाच बाजूने ढिली, म्हणजे गडी एका हाताने उघडतो, दुसऱ्या हातात कप. चार बाणांच्या कळा झिजल्यात, म्हणजे "ऑफिसचं काम" कुठलं ते कळलं. "मशीन खोटं बोलत नाही रे, गिऱ्हाईक बोलतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आठ महिन्यांत ही खोड मला अशी लागली की आता मशीन बघायचीही गरज वाटत नाही. माणूस काय मागतो यावरून तो कुठे बसतो, कसा बसतो, कुणाजवळ बसतो, हे मी छातीठोक सांगतो. तेव्हा तुझे चार प्रश्न मी तसेच उलटे करून बघितले.

पहिला : मांडीवर ठेवून तीन-चार तास चालवलं तर फार तापेल का? आता, तू आयुष्यात कधी मांडीवर ठेवून काम केलेलं नाहीस. तुला टेबल लागतं, टेबलावर डावीकडे वही लागते, वहीवर पट्टी लागते. दुसरा : मागे खिडकी असेल तर पडद्यावरचं नीट दिसेल का? तुझ्या टेबलामागे कपाट आहे. त्या कपाटाचं दार मी स्वतः बसवून दिलंय, मला नको सांगूस. तिसरा : रंग जसे आहेत तसे दिसतात का? संख्याशास्त्रवाल्या बाईला रंग कशाला? तुझे तक्ते काळे, आलेख काळे, चुकलेल्या ओळीवरची रेघसुद्धा पेन्सिलीची. आणि चौथा, ज्याने माझं डोकंच फिरलं : शेजारी कुणी झोपलं असेल तर पंख्याच्या आवाजाने उठेल का?

शेजारी. कुणी. झोपलं असेल तर.

मी स्क्रू गिळला नाही हे नशीब. मांडीवर घेऊन बसणारा, खिडकीला पाठ करून बसणारा, रंगांची चिंता असणारा माणूस आपल्या वर्गात एकच. गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडणारा तो. संमेलनाच्या दिवशी त्याने तुझे अकरा फोटो काढले होते आणि माझा एक, त्यातही माझे डोळे मिटलेले. तरीही मी स्वतःला समजावलं, उगाच डोक्यात राख घालू नकोस, सरळ फोन कर. केला. उचलला एका पुरुषाने. शांत, गोड, घरातल्यासारखा आवाज. "त्या खाली गेल्यात, दहा मिनिटांनी करा. काही निरोप?" निरोप! मी फोन ठेवला. त्या दिवशी दुकानात मी दोन मशीनचे स्क्रू एकमेकांत मिसळले आणि मालकांनी मला दुपारपर्यंत नुसतं धूळ उडवायच्या कामावर बसवलं.

पण काम मी चोख केलं, हे माझ्या बाजूने लिहून ठेव. तुझ्या किमतीत बसणारी दोन मशीनं दुकानात होती. एक करडं, बारीक, वह्यांच्या गठ्ठ्यात सरकवावं असं. एक काळं, अंगाने जरा जाड, बघितल्यावर कुणी वा म्हणणार नाही असं. कागदावर दोघांची कुंडली जुळी : प्रोसेसर तोच, मेमरी सोळाचीच. दुकानात उभं राहून दोन्ही उघडलीस तर करडंच घेशील, कारण विक्रीसाठी मांडलेल्या मशीनवर उजेड पूर्ण चढवून निळ्या समुद्राचा व्हिडिओ फिरत ठेवलेला असतो आणि निळ्या समुद्रात कुठलाही पडदा देखणा दिसतो. आम्ही तसं बघत नाही. दोन्हींवर एकच जड काम लावायचं, अर्धा तास चालू द्यायचं, आणि मग बघायचं.

पहिली दहा मिनिटं करडं पुढे होतं. हुशार पोरासारखं, प्रश्न संपायच्या आत हात वर. मग ते तापायला लागलं. पातळ अंगात पंखा एकच आणि तोही एवढासा. विसाव्या मिनिटाला त्याने स्वतःला वाचवण्यासाठी वेग निम्म्यावर आणला आणि पंखा असा किंचाळायला लागला की समोरच्या झेरॉक्सवाल्याने मान वळवून बघितलं. तळाला तापमापक धरला तर बावन्न अंश. शिवाय ते हवा घेतं पोटाखालून. टेबलावर ठीक, पण गादीवर किंवा पांघरुणावर ठेवलं की तोंडावर उशी दाबल्यासारखं. काळं सुरुवातीला सुस्त वाटलं, पण अर्ध्या तासानंतरही तेवढ्याच चालीने चाललं होतं, जशी माणसं उन्हात घाई न करता चालतात तसं. दोन पंखे, हवा बाजूंनी आत आणि मागून बाहेर, आवाज म्हणशील तर कुणी लांब पाणी ओततंय एवढा. पडद्याचंही तेच. करड्याचा चकचकीत, त्यात आधी आपलं थोबाड दिसतं आणि मग काम. मागे खिडकी असेल तर खिडकीसुद्धा दिसते. रंग साठेक टक्केच, म्हणजे लालभडक टाकलास तर विटकरी उमटतो. काळ्याचा पडदा खरखरीत पोताचा, उजेड पोटात घेणारा, आणि रंग जवळजवळ पूर्ण. मालकांनी त्यावर दुकानाचं लाल कॅलेंडर शेजारी धरून बघितलं आणि नुसतं "हं" म्हणाले. त्यांचं "हं" म्हणजे पदक.

चौथ्या दिवशी मी तुला एका ओळीत उत्तर पाठवलं, मॉडेलचं नाव आणि "हेच घे". तू लिहिलंस, "बरं". नुसतं बरं. त्या बरं-वर मी दोन दिवस काढले. कधी वाटायचं, रागाने लिहिलंय. कधी वाटायचं, शेजारी तो बसलाय आणि त्याला ऐकू जाऊ नये म्हणून थोडक्यात आटपलंय.

मग काल, बुधवारी, काका आले. तुझे वडील आणि मी कधी हवापाण्यापलीकडे बोललेलो नाही हे तुला माहीत आहे. त्यांनी जुना लॅपटॉप ओट्यावर ठेवला, आगाऊ रक्कम भरली, आणि तुझ्या अक्षरातला चिठोरा पुढे केला, त्यावर मी कळवलेलं नाव. "यातलं सगळं नव्यात घालून दे. शनिवारी पोरगी येईल न्यायला." एवढं बोलून निघालेच होते, पण मी सवयीने मशीन उलटं केलं आणि जाळी उघडली. आत कापूस होता. धूळ नव्हे, केस नव्हे. कापूस, गोधडीचा, लाल-निळ्या दोऱ्यांचे तुकडे असलेला, पंख्याभोवती नीट गुंडाळून बसलेला. म्हटलं, काका, हे अंथरुणावर कोण वापरतं? ते म्हणाले, "आमची ही. दुसरं कोण?"

काकू कारखान्याच्या जिन्यावरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, नऊ आठवडे झाले त्या उठलेल्या नाहीत, आणि मला पत्ता नाही! काका उभ्या उभ्या सांगत होते आणि मी हातात कापूस धरून ऐकत होतो. पडद्यांच्या कापडावरची नक्षी त्या इतकी वर्षं कारखान्यातल्या मोठ्या मशीनवर काढायच्या, म्हणून घरचा लॅपटॉप म्हटल्यावर त्या माझ्या डोक्यातच आल्या नाहीत. आता पलंगावर खिडकीला टेकून, मांडीवर घेऊन काढतात. मागच्या महिन्यात जुन्या पडद्याने दगा दिला, डाळिंबी रंग तपकिरी दिसला, त्यांनी तो उजळवला आणि कारखान्यात अख्खा तागा भलत्याच लाल रंगात छापून आला. अजून एक तागा असा गेला तर घरून काम बंद. दुपारी त्या गोळी घेऊन झोपतात तेव्हा तेच मशीन घेऊन तू शेजारी तुझा प्रकल्प करतेस. शेजारी, कुणी, झोपलं असेल तर. काकांनी हेही सांगितलं की मला कळू द्यायचं नाही अशी काकूंचीच ताकीद होती : "त्याला कळलं तर तो काम टाकून इथे येऊन बसेल, आणि ही नोकरीही जाईल." फोन उचलणारा कोण, हे मी विचारलं नाही, पण बोलण्यात आलंच. सकाळी व्यायाम करून घ्यायला येतो तो. ठीक आहे. व्यायाम पायाचा असताना तो तुझ्या फोनला हात का लावतो, हे मात्र मला अजून समजलेलं नाही. आणि तू "त्या" कधीपासून झालीस? असो. हे वाक्य खोडणार होतो, पण माझा स्वभाव एका बुधवारात बदलला असं तुला भासवायचं नाही.

आता ज्यासाठी बसलोय ते लिहितो. तुझ्या चिठोऱ्यावर करड्या मशीनचं नाव आहे. ते मी चुकून पाठवलं नव्हतं. अर्धा तास तापवून, अंश मोजून, पडदा उन्हात धरून, दोघांत वाईट कुठलं ते नक्की करून, मग पाठवलं होतं, कारण मला वाटलं की ते त्याच्या मांडीवर जाणार. भाजू दे, म्हटलं. माझ्या हातून जाणार होतं ते काकूंच्या मोडक्या हाडावर. आज मला गुपचूप खोकं बदलता आलं असतं. काळं मी बाजूला काढून ठेवलंच आहे, किंमत जवळपास तीच आहे, मालकांना सांगून झालंय (त्यांनी काय ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही), आणि तुम्हाला तिघांना कधीही कळलं नसतं. पण काका जाताना पायरीवर थांबून म्हणाले की दुसऱ्या दोन दुकानांत विचारू म्हटलं तर काकूच नको म्हणाल्या, "पोराने सांगितलंय ना, मग झालं." म्हणून शनिवारी माझ्या शब्दावर काहीही घेऊ नकोस. काकूंच्या डाळिंबी कापडाचा एक तुकडा घेऊन ये, दोन्ही मशीनं तुझ्यासमोर अर्धा तास लावतो, तू स्वतः मांडीवर घेऊन बस, कापड पडद्याशेजारी धर आणि ठरव. काकूंना खरं सांगायचं की नाही तेही तूच ठरव. सांगणार असलीस तर मी येतो, माझ्या तोंडून सांगतो. आणि तुला जे बोलायचं असेल ते मशीन निवडून झाल्यावर बोल. मी उलट उत्तर देणार नाही.

तुझाच (नको असेल तर खोडून टाक),
काडेपेटी