हळदीतल्या तिघी बहिणी

आये, आज तुझं ऐकलं नाही. आधीच सांगून टाकते. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तू मधेच टोकशील असं वाटतं. तुर्भ्याच्या आमच्या लॅबमध्ये सांधेदुखीच्या गोळ्यांसाठी हळदीच्या अर्काचा माल आला होता. हळदीतलं पिवळं औषधी द्रव्य एकटं कधीच येत नाही. मी त्यांना तिघी बहिणी म्हणते, एक थोरली, दोन धाकट्या. मशीनच्या आलेखावर तीन टेकड्या उमटायला हव्यात. आज थोरली एकटीच उमटली. म्हणजे ही पावडर हळदीतून निघालेलीच नाही, कुठेतरी रसायनांपासून बनवलीय, आणि पिंपावर मात्र हळकुंडाचं चित्र. साहेबांना दाखवलं तर म्हणाले, "द्रव्याचा टक्का बरोबर आहे ना? मग टेन्शन कसलं? रिपोर्टवर सही करा." मी म्हटलं, नाही करणार. उद्या केबिनमध्ये बोलावलंय. बहुतेक घरी बसवतील.

लहानपणीचं अजून डोळ्यांसमोर आहे: शिरवण्याच्या आपल्या स्वयंपाकघरात माझा घोटा सुजलाय, आणि तू तळहातावर हळदीत चुना कालवते आहेस. रंग चढला की मान डोलावतेस. "चुन्यानं लाल झाली म्हंजे हलद खरी." मग तो गरम लेप, आणि माझ्या रडण्याकडे साफ दुर्लक्ष. नोकरी लागली तेव्हा त्याच जागी बसून तू मला दटावलंस, "शेत गेला. आता तुजी नोकरी हाच आपला शेत. तोंड सांबाल." सांभाळलं की इतकी वर्षं. पण तुझ्या शेतात कुणी बोगस बी पेरायला सांगितलं असतं, तर तू विळा घेऊन बांधावर उभी राहिली असतीस. मग मीच का गप्प बसू? दुखऱ्या गुडघ्यांची माणसं हळद समजून ते गिळणार आहेत. राग आला तर येऊ दे तुला. सही नाही म्हणजे नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि तुझ्या फोटोपुढे वाचायचीही नाही मी. फक्त एक कबूल करते. घरी येताना त्या पावडरीची चिमूट पुडीत आणली. मशीनने सांगून झालं होतं, तरी ओट्याशी उभी राहून तळहातावर चुना कालवला. लाल होऊ नये, तूच बरोबर ठरावीस, असं फार वाटत होतं.

झाली गं, हळदीतली नसूनही लालभडक झाली. हात अजून धुतलेला नाही.