शिसवीच्या शंकरपाळ्याला शेपूट

आबा, सगळ्यात आधी आली ती माझी धाकटी जाऊ. काठी न्यायला येणारे पाव्हणे अकराच्या ठोक्याला यायचे व्हते, ही बाई नवालाच ओट्यावर हजर, हातात वाटी. विरजण पायजे म्हणं. घरात दोन म्हशी असताना हिला माझ्याकडचं विरजण कशाला लागतंय? सगळ्या घरावरनं नजर फिरवली अन् म्हणती, "एक काठी न्यायला माणसं भूगावापासनं येत्यात? आमच्या बांधावर ढीग पडलाय की. सांगितलं असतं तर फुकट दिल्या असत्या." मी म्हणलं, बस गप, चहा पी. ती बसली ती दुपारपातुर उठली न्हाई.

तुमाला सगळं पयल्यापासनं सांगायला पायजे. कॅरम तुमी बघितलाय, पौडला स्टँडच्या मागं पोरं खेळायची. तसाच ह्यो खेळ, निस्तं टेबल खाटेएवढं, वर हिरवं कापड, सोंगट्यांच्या जागी गुळगुळीत रंगीत गोळे. अन् गोळा बोटानं न्हाई मारायचा, लांब निमुळत्या काठीनं मारायचा. त्या काठीला क्यू म्हणत्यात. ज्यांना नाद हाय ते तिच्यावर जडवकाम करून घेत्यात, म्हंजे लाकडात खाच कोरून दुसऱ्या लाकडाचा तुकडा बसवायचा, अन् ते काम करतीया तुमची पणती, माझ्या थोरल्याची पोरगी. मागची भाड्याची खोली रिकामी झाली तितं तिनं मशीन मांडलंय. मशीन केवढं, तर शिवणाच्या मशीनच्या टेबलाएवढं. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, मग एक बारीक पातं गरगर फिरत त्या रेघेवरनं जातं अन् लाकूड कोरतं. पयल्या दिवशी मी स्टूल टाकून दोन तास बघत बसले, भाजी करपली. आबा, तुमी असता तर तुमीबी जेवायला उठला नसता.

पण एक सांगते. त्या पात्याला कोपरा येत न्हाई. पातं गोल, मग खाचेचा कोपराबी गोलच व्हतो, अन् बसवायचा तुकडा तर टोकदार. पोरगी तुकड्याचीच टोकं घासून गोल करायची. मी म्हणलं, हे काय, शंकरपाळे चावल्यागत दिसत्यात. तुमची बारीक पटाशी माझ्या ट्रंकेत हाय, ती काढली, दगडावर धार लावली अन् तिला एक कोपरा कापून दाखवला. ती म्हणाली, "आजी, तू हे कुठं शिकलीस?" शिकले कुटं! चौथीतनं शाळा सुटली अन् तुमच्या सुतारकामाच्या छपरात बसून बघायचे, एवढंच. हात लावायची सोय नव्हती. एकदा हीच पटाशी घेऊन मी गोडेतेलाच्या डब्याचं झाकण उचकटलं व्हतं. तुमी समोर उभे. धोतराला भुसा. आवाज चढवत न्हाई. "पटाशी हाय ती, उलथनं न्हाई," एवढंच म्हणता अन् धार बघायला उजेडाकडं जाता. मी तितंच उभी, हातात झाकण. आता हसू येतं, तवा दोन दिवस तुमच्याम्होरं आले न्हाई.

तर ही काठी लई महत्त्वाची व्हती. थोरल्याला पोरीचा ह्यो धंदा पटत न्हाई. त्यानं बजावलं व्हतं, "ही एक काठी गिऱ्हाइकाच्या पसंतीला उतरली तर ठीक. न्हाईतर मशीन खोक्यात अन् तू हिंजवडीला नोकरीत." अन् पोरगी व्हय म्हणून बसली, तिचा सभाव तुमच्यासारखा, एकदा म्हणली की म्हणली. काठी करायला सांगितली ती जळगावकडच्या एका बाईनं, भूगावात फ्लॅट घेऊन ऱ्हात्यात दोघं नवराबायको. तिच्या माहेरचा शिसवी झोपाळा मोडला, त्याच्या फळीचा तुकडा तिनं जपून ठेवलेला. पांढऱ्या लाकडाच्या काठीत त्या शिसवीचे चार शंकरपाळे बसवायचे. ह्या बाजारातल्या वस्तू न्हाईत आबा, की बिघडलं तर दुसरं आणू.

मधे खंडेनवमी आली. तुमी त्या दिवशी रंधा, करवत, पटाशी पाटावर मांडून पूजा करायचा, कुणाला हत्यार उचलू द्यायचा न्हाई. मी पोरीला सांगून मशीन बंद ठेवलं. अंगाला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. पोरगी हसली, फोटो काढला अन् आंघोळीला गेली. मग मला वाटलं, हत्याराला तेलाचं बोट लागल्याबिगर पूजा कसली? मशीनमधी एक लांब आट्याचा स्क्रू हाय, तोच फिरून सगळं सरकवतो. म्हणलं जीव असंल तर ह्याच्यातच. त्याच्या आट्यांना चांगलं गोडेतेल चोपडलं, दोनदा. पोरीला सांगितलं न्हाई, त्यात सांगायचं काय?

दसरा झाला अन् तिनं काम धरलं. तीन खाचा अशा निघाल्या की बघत ऱ्हावं. त्यो भुसा मात्र तेलावर बसत गेला, त्याचा चिकटा झाला, अन् चौथ्या खाचेला स्क्रू अडखळला. पातं बाजूला सरकलं अन् शंकरपाळ्याच्या खालच्या टोकाला गव्हाएवढी चीर पडली, शेपटीसारखी. पोरीनं मशीन बंद केलं.  मग स्क्रू पुसता पुसता म्हणाली, "मी रोज झाडायला हवं होतं. आळस केला." मी दारात. तेल दिसत व्हतं आबा, मला दिसत व्हतं. तिला वाटलं कंपनीतनंच आलेलं वंगण हाय.

तितं मला तुमचा त्यो लग्नाचा पाट आठवला, पितळी पाकळ्यांचा. पटाशी सटकली अन् एक पाकळी लांब झाली. आई म्हणाली, आता पाट बदला. तुमी इडी पेटवली अन् बाकीच्या पाकळ्याबी तेवढ्याच लांब केल्या. म्हणला, "चुकीला एकटी ठेवू न्हाई, बहिणी द्याव्यात." मी पोरीला तेच सांगितलं. ती आधी हसली, मग पेन्सिल घेतली. दोघींनी बसून बाकीच्या तिघांना तशीच शेपूट काढली, मशीनला हात न लावता, पटाशीनं. उरल्या शिसवीच्या काड्या तासून बसवल्या. डोळं दुखलं, मान दुखली, पण इतकं बरं मला कितीतरी वर्षांत वाटलं न्हवतं.

अन् काल ते नवराबायको आले. जाऊ पदर सावरून बसली, त्या बाईच्या नवऱ्याला म्हणाली, "घ्या, बघा तुमची काठी." तर त्यो म्हणतो, "मावशी, माझी नाही, हिची. मी हरतो, ही खेळते." जाऊचं तोंड बघायला पायजे व्हतं! बाईनं काठी उजेडात फिरवली. शंकरपाळ्यावर अंगठा फिरवला, शेपटीवर थांबला. मी चहाचा कप धरून उभी. ती म्हणाली, "हे चित्रात नव्हतं ना?"

पोरगी म्हणाली, "नव्हतं. चौथ्या वेळी मशीन अडखळलं. मी ते नीट साफ ठेवलं नव्हतं, चूक माझी. मग आजीनं सगळ्यांनाच शेपूट दिलं. तुम्हाला नको असेल तर काठी मी ठेवून घेते."

बाईनं काठी टेकवली, वाकून नेम धरल्यासारखं केलं, परत उचलली. "झोपाळ्याच्या कड्यांच्या खाली अशीच झीज होती," म्हणाली. "राहू दे. मला हीच पाहिजे." थोरला दारात व्हता, त्यो उगाच गाडी पुसायला गेला. मशीन खोक्यात जाणार न्हाई आबा, एवढं झालं.

पण "चूक माझी" म्हणून पोरीनं परक्या माणसांम्होरं सांगितलं अन् माझी जीभ उचलली न्हाई. जाऊ बसली व्हती, तिनं आळीभर केलं असतं, म्हातारीनं मशीनला फोडणी घातली म्हणून. मी म्हणलं काय, तर "चहा घ्या, गार व्हतोय." पोरीच्याच वहीतलं पान फाडून हे लिहितीया. ह्याला पेटी न्हाई, पाकीट न्हाई, तुमाला ते पोचायचं न्हाई हे मलाबी कळतं. निस्तं लिहून बघितलं, बोलायला जमतंय का. तिनं चूक चारचौघांत घेतली, तर मीबी ती चारचौघांतच परत घ्यायला पायजे. त्या बाईच्या हापिसातल्या दोघी काठ्या सांगायला येणार हायेत, तिच्याबरोबर. रविवारी, अकराला येतो म्हणाल्यात.