कोपऱ्यातली सही

प्रिय भिंगरी,

तू गेल्याला आज नऊ दिवस झाले. एवढ्यात आईशी तू चारदा फोनवर बोललीस आणि चारही वेळा मी शेजारी बसून आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र वाचत होतो. तुझी आई म्हणते, तुम्ही बाप-लेक हट्टाला पेटलात आणि माझा मधल्यामध्ये पोस्टमन झाला. तिचं खरं आहे. फोनवर माझी जीभ रेटत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. पुढ्यात कागद असला की मी जरा धीट होतो, म्हणून आज प्रेस अर्धा दिवस बंद ठेवून लिहायला बसलोय.

आधी इकडची खबर. चष्मेवाल्यांनी दुकानाच्या काचेवरचा तुझा फोटो अजून काढलेला नाही. पुढच्या निवडणुकीला पुन्हा लावायचाच आहे, मग कशाला काढू, म्हणाले. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई मात्र मला पाहिलं की मान फिरवतात. आमदारांची पोस्टरंही आपल्याच प्रेसमध्ये छापली, म्हणून त्यांच्या लेखी मी घरभेदी. त्या दिवशी आईला जिन्यात गाठून म्हणाल्या, सरकारी दवाखान्यातली एक नर्स बाळंतिणींचा बंद पडलेला वॉर्ड उघडा म्हणून आमदारकीच्या निवडणुकीला उभी राहते, आणि बाप दुसऱ्याची पोस्टरं छापतो. आईने ऐकून घेतलं. मीही ऐकून घेतलं, दाराआडून.

मशीनवाले मामा तुझी आठवण काढतात. ती चौथ्या प्रूफची गोष्ट त्यांच्या मनातून जात नाही. आपल्या प्रेसचा नियम तुला पाठ आहे. मी चष्मा पुसून प्रूफ वरपासून खालपर्यंत वाचणार, पेनचं टोपण दातात धरून उजव्या कोपऱ्यात सही करणार, आणि मगच मामा मशीन सुरू करणार. छत्तीस वर्षं हेच चाललंय. ही सवय माझ्या हाडात इतकी मुरलीय की हॉटेलात गेलो आणि मेनूकार्ड वाचून त्यावरही सही करून बसलो. बिचाऱ्या वेटरला वाटलं, यांना सगळंच पाहिजे. तू तेव्हा दहावीत होतीस, खुर्चीवरून पडेपर्यंत हसली होतीस.

पण तुझ्या कागदांची गोष्ट वेगळी. पाच-सहा वर्षांची असताना तू चित्रं काढून प्रेसमध्ये आणायचीस आणि टाचा उंचावून माझ्या टेबलावर ठेवायचीस, बाबा, सही. मी घराची भिंत तिरकी दाखवायचो, सूर्य कडेला फार चिकटलाय म्हणायचो, आणि तू पुन्हा काढायला पळायचीस. निबंधांचंही तेच. तुझा एकही कागद पहिल्या फेरीत माझ्या हातून सुटला नाही. मला वाटायचं, पोरगी तयार होतेय. तुला काय वाटत होतं, ते मी कधी विचारलंच नाही.

तुझं प्रचाराचं पत्रक मी तीनदा परत केलं. चौथ्यांदा मी समासाकडे बोट नेलं मात्र, तू कागद हातातून ओढून घेतलास आणि म्हणालीस, तुम्हाला माझं काही म्हणजे काहीच पसंत पडत नाही. मामांनी छत्तीस वर्षांत पहिल्यांदा सहीशिवाय मशीन चालवलं. मी वरच्या पायरीवर उभा राहून तो आवाज ऐकत होतो. पत्रक छान झालं होतं. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

निकालाच्या दिवशी मी घरी थांबतो म्हणालो, पण थांबलो नव्हतो. क्रीडा संकुलाच्या लोखंडी फाटकापाशी सकाळपासून उभा होतो, चष्मेवाल्यांच्या मागे लपून. पाचव्या फेरीत तू पुढे गेलीस तेव्हा कोणीतरी माझ्या पाठीत धपाटा घातला आणि मी त्या अनोळखी माणसाला मिठी मारली. मग तू मागे पडलीस. फेरमोजणी मागितलीस, आकडा तोच आला. सात मतांनी हरलीस, आणि चौसष्ट मतं बाद. तू बाहेर आलीस ती ताठ मानेने, आमदारांशी हात मिळवलास, रडणाऱ्या कार्यकर्त्यांना तूच पाणी दिलंस. इतका अभिमान मला आयुष्यात कशाचा वाटला नाही, आणि तो घेऊन मी मागच्या गल्लीने घरी पळालो.

संध्याकाळी तू प्रेसमध्ये आलीस, कागदाच्या गठ्ठ्यावर बसलीस, बूट काढलेस. बाबा, मी रागावणार नाही, फक्त खरं सांगा, मत मला दिलंत का, म्हणालीस. आणि मी काय म्हणालो, तर मतदान गुप्त असतं. तू मान हलवलीस, बूट पुन्हा घातलेस आणि बॅग उचलून गेलीस. तू काय समजायचं ते समजलीस. माझ्यासारख्याने तसं उत्तर दिल्यावर दुसरं कोणी काय समजणार?

तर आता खरं सांगतो. मतदान केंद्रातल्या आडोशामागे मी मतपत्रिका उघडली. चौथ्या ओळीत तुझं नाव, शेजारी तुझं चिन्ह, शिडी. शिडीवर शिक्का मारला, घडी घातली, कागद पेटीत टाकला. बाहेर पायऱ्यांवर आलो, तर पेनचं टोपण माझ्या दातात होतं. दाराशेजारी सूचना लावली होती, मतपत्रिकेवर सही किंवा खूण केल्यास मत बाद होईल. तीही आपल्याच प्रेसमध्ये छापलेली, माझ्याच सहीने मशीनवर गेलेली. त्या चौसष्टांतलं एक मत तुझ्या बापाचं आहे, पोरी. लोकांच्या चुका काढण्यात जन्म गेला आणि आपली सांगायला तोंड उघडेना. एका मताने हरली असतीस, तर हे पत्र लिहायची माझी छाती झाली नसती. हस आता पोटभर, माझी ना नाही. पण मग एकदा शांतपणे त्या कागदाचा विचार कर. शिक्का मारण्याआधी मी चष्मा पुसून तुझी ओळ दोनदा वाचली. तुझं नाव, तुझी शिडी, आणि मला त्यात कुठे बोट ठेवावंसं वाटलं नाही. तुझ्या कागदावर पहिल्याच फेरीत मी केलेली सही ती एवढीच. रविवारी घरी ये. आईला अजून काही बोललो नाही, तू शेजारी असलीस की सांगेन.

तुझाच,
मत वाया घालवलेला बाबा