बटणांच्या दोन फोनांची व्यवस्था

मी, वय वर्षे एकाहत्तर, कोर्टातली निवृत्त टंकलेखिका, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी कान भरलेले नसताना हे मृत्युपत्र करून ठेवत आहे. डोक्याबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. धाकट्या बहिणीचे मत वेगळे आहे. ते जोडलेले नाही.

१. घराचा माझा अर्धा हिस्सा धाकटीला. उरलेला अर्धा तिचाच असल्याने तिला फार हलवाहलव करावी लागणार नाही.

२. काचेचा सपाट फोन भाच्याला परत, खोक्यासह. त्यानेच तो मला दिला होता. त्यावर मी 'घरी आले, काळजी नको' असे लिहिले. फोनने स्वतःची अक्कल चालवून 'मी गेले, काळजी नको' असे पाठवले. भाचा अकरा नातेवाइकांना घेऊन हजर झाला. दार मीच उघडले. दोघांना चक्कर आली.

३. माझा बटणांचा फोन. याचा कीबोर्ड पडद्यामागून आडवा सरकून बाहेर येतो. बटणे ऐसपैस, दोन्ही अंगठ्यांना मोकळी जागा. फक्त वरच्या ओळीला पडद्याची कड लागते. धाकटीच्या फोनची बटणे पडद्याखालीच, डाळिंबाच्या दाण्यांसारखी फुगीर, न बघता सापडणारी, पण फार दाटीची. ती विमा कचेरीत होती, तिला दाटीची सवय आहे.

कोणता बरा, यावरून सहा वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलावर स्पर्धा झाली. शेजारचे पोहण्याचे शिक्षक पंच. पाच मिनिटे, एकच उतारा. माझे एकशे नव्वद शब्द, तिचे एकशे अठ्ठ्याऐंशी. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. ती स्वयंपाकघरातून आणि मी पलंगावरून संदेश पाठवतो. दोघींचा वेग वाढला, एवढाच फायदा.

४. आता कबुली. पंच शिट्टीतले पाणी झटकत होते, तेवढ्यात मी तीन शब्द उरकले होते. म्हणजे ती एका शब्दाने जिंकली. सबब माझा फोनही तिलाच द्यावा.

५. वरील मसुदा मी शुद्धलेखन तपासायला तिला पाठवला. मग ती स्वतःच खोलीत येऊन समोर बसली.

"सतरा चुका आहेत," ती म्हणाली.

तिचा आवाज आता आईसारखा झाला आहे, हे मला ठाऊकच नव्हते. माझा हात फोनकडे गेला, तर तिने फोनच उचलून बाजूला ठेवला.

"आणि ताई, शिट्टीच्या आधी मीही दोन शब्द लिहिले होते."

आम्ही बोटांवर मोजले. म्हणजे मीच एका शब्दाने जिंकले. तिला ते मान्य नाही. भांडण पुन्हा जुंपले आहे, पण या वेळी तोंडाने.

६. रविवारी फोन बदलून पुन्हा स्पर्धा आहे. तोवर कलम ४ स्थगित. तोवर मी मरणार नाही, याची सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.

ठिकाण : जेवणाचे टेबल
दिनांक : येत्या रविवारच्या आधीचा बुधवार

सही : थोरली
साक्षीदार : १. पोहण्याचे शिक्षक २. दाखला देणारे डॉक्टर

(धाकटी वारस असल्याने तिने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले. तरीही तिने कोपऱ्यात 'तपासले' असे लिहून सही केली आहे.)