घरच्या यंत्रावर कोणती प्रणाली?

सोमवार, ६ फेब्रुवारी १९८९

कचेरीच्या संगणकांसाठी डॉस ही प्रणाली घ्यावी, असा अहवाल आज सादर केला. मान्यही झाला. तंत्रज्ञ लवू पेडणेकर दारातच म्हणाला, "साहेब, मग घरी पण डॉसच टाका ना. कचेरीचं काम घरी करता येईल. दोन संसार कशाला?" बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली.

मी म्हटले, सूचना रास्त आहे.

रास्त आहेच. घरचा संगणक माझ्या पत्नीचा, मृणालिनीचा. सीपीएम या जुन्या प्रणालीवर चालणारा. ती गेल्यापासून, म्हणजे गेले सहा महिने, तो झाकलेलाच आहे. आच्छादन तिनेच शिवलेले, जुन्या इरकलीचे.

मंगळवार, ७ फेब्रुवारी

कंपनी मला घरी डॉसचे यंत्र देणार. बदल्यात विक्रेता जुने नेणार — शनिवारी, अकरा वाजता. पार्ल्याच्या या दोन खोल्यांत दुसऱ्या टेबलास जागा नाही.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

डबा खाताना लवूने सांगितले, "सीपीएमच्या फ्लॉप्या डॉसला वाचता येत नाहीत, साहेब. वहिनींचं काही असेल तर दोन्ही यंत्रांना वायर जोडून नव्यावर उतरवून देतो. फक्त एकेक फाईल उघडून बघावी लागेल, नीट आली का ते."

नको म्हटले. तिचे लिहिणे परक्याने पाहावे, हे मला सहन होणार नाही.

फ्लॉप्या सतरा आहेत. दिवेलागण झाली की ती टंकायला बसे — मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. "ही कुठली मराठी?" असे मी एकदाच म्हटले होते. त्यानंतर मी खोलीत आलो की ती पडद्याचे तोंड भिंतीकडे वळवी. मीही कधी डोकावलो नाही. दुसऱ्याचे लिखाण वाचू नये, ही आमच्या घरची शिस्त. माझ्या या वहीची फीत तिनेही कधी सोडली नाही.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

मालाडहून मेहुणी आली, नलिनी. "भावजी, ताई कसली गुपितं लिहिणार? लोणच्याचं प्रमाण असेल. नाहीतर तुमची गाऱ्हाणी!" हसली, मग पदराने डोळे टिपले. "तुम्हीच वाचा ना. नाहीतर उद्या सगळं भंगारात जाईल. ते शिस्तीत बसतं का तुमच्या?"



शनिवार, ११ फेब्रुवारी — सकाळी नऊ

आच्छादन काढले. घडी घालून मांडीवर घेतले आहे.

त्याच दिवशी, दुपारी

फायलींची यादी दाखवण्याची आणि फाईल वाचण्याची आज्ञा दोन्ही प्रणालींत सारखीच असते; तेवढ्यावर निभावले. पहिली फ्लॉपी, पहिली फाईल. एकेक अक्षर लावीत वाचले :

"ह्यांना वाटतं, मी लपवते. मी वाट बघते. एकदा नुसतं 'काय लिहिलंस?' म्हणाले असते, तर रोज वाचून दाखवलं असतं."

विक्रेत्याची माणसे आली होती. परत पाठवली. कचेरीत डॉस, घरी सीपीएम.

मग विचारले, "काय लिहिलंस?" आणि पुढचे मोठ्याने वाचू लागलो.