माझ्या वतीने

सोमवार, ३ मार्च

पहिला दिवस पार पडला आणि मी चक्क खूश आहे. अकरा वर्षं वर्तमानपत्रात बसून दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त केली. तिथल्या माझ्या खुर्चीचा एक हात तुटला होता. तो बदलून मिळायच्या आत पेपरच बंद पडला. इथली खुर्ची रेललं की पाठीला हळूच सावरून घेते. चौथा मजला, मोठ्या काचा, खाली बसथांबा, समोर चष्म्याचं दुकान. एकोणचाळिसाव्या वर्षी माणसाला यापेक्षा जास्त काय हवं असतं?

ऑफिसात अठरा माणसं. काम डिजिटल मार्केटिंगचं. म्हणजे गाद्यांची कंपनी, दातांचे दवाखाने, पाण्याचे फिल्टर यांच्या वतीने लोकांच्या फोनवर दिवसभर गोड बोलत राहायचं. मजकुराची जबाबदारी माझी. मालकीणबाईंना सगळे मॅडम म्हणतात. वयाने माझ्याएवढ्याच, आणि आवाज असा की रागावल्या तरी कौतुक केल्यासारखं वाटावं. शेजारी बसणारा जाहिरातींचे आकडे बघतो, म्हणून त्याचं नावच आकडे पडलंय.

दुपारी एका बंद खोलीत माझ्याकडून चाळीस मिनिटं वाचून घेतलं. आधी बातम्या, मग रागाची वाक्यं, मग लाडाची. आवाज जाहिरातींना उपयोगी पडतो म्हणाले. मी रागाची जरा जास्तच मनापासून वाचली.

घरी येऊन आईला फोन केला. ती निवृत्त शिक्षिका, तिच्या गावात एकटी राहते. तिने पगार विचारला नाही. माझ्या कालच्या निरोपात ‘आशीर्वाद’ला पहिली वेलांटी दिली होती, तेवढं सांगितलं.

गुरुवार, ६ मार्च

इथल्या सॉफ्टवेअरचं नाव ‘सोबत’. आपण दोन शब्द टाइप केले की उरलेलं वाक्य ते सुचवतं. सोमवारी अगदी सपक सुचवत होतं. मग त्याला माझे जुने लेख, मेल, फोनवरचे निरोप वाचायला दिले. (तशा कागदावर मी सही केली आहे. तो परिच्छेद तीनदा वाचून केली आहे. मला फसवलं असं म्हणायची सोय नाही.) आज ते माझ्यासारखं लिहायला लागलं. माझं ‘चक्क’सुद्धा उचललं. आकडेचं म्हणणं, महिन्याभरात मला हातही लावावा लागणार नाही. त्याला वाटलं मला आनंद होईल.

माझ्या जागेवर आधी एक बाई होती. खणात तिची केसांची क्लिप आणि खोकल्याच्या गोळ्यांची अर्धी पट्टी आहे. ती कुठे गेली विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर, घरून काम करते. खरंच करत असावी. कंपनीच्या पानावर रोज सकाळी तिच्या नावाने, तिच्या फोटोसह काहीतरी येतं. आजचं होतं, ‘काम आवडीचं असलं की रविवार लांबतो.’ माझ्या जुन्या टेबलावर हे वाक्य जिवंत सुटलं नसतं.

काल रिसेप्शनच्या सोफ्यावर एक वयस्कर गृहस्थ बसले होते. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी. अर्धा तास बसले आणि कोणाशी न बोलता गेले. रिसेप्शनवरच्या मुलीने मला बजावलं की ते दर बुधवारी येतात, त्यांच्याशी बोलायचं नाही. म्हणजे आता बोलणं आलंच.

मंगळवार, ११ मार्च

नोकऱ्या शोधून देणाऱ्या एका संकेतस्थळासाठी लेख लिहायचा होता. विषय, डिजिटल मार्केटिंगची नोकरी सोडायची वेळ आली हे कसं ओळखायचं. मला आवडला. मन लावून लिहिला. रविवारी संध्याकाळीच पोटात गोळा येत असेल, जे विकतोय ते आपल्या आईला घेऊ देणार नसू, आपण नसलो तरी कोणाचं काही अडत नसेल, तर उठा, असं सरळ लिहिलं.

शेवटी एक वाक्य आपोआप आलं. ‘ही सगळी चिन्हं दिसत असतील तर जरा थांबा. तुमच्या वतीने आम्ही विचार करत आहोत.’

मी खोडलं. परत आलं. परत खोडलं, लेख पाठवला. दुपारी छापून आला तो त्या वाक्यासकट, माझ्या नावाने.

मॅडमकडे गेले. ते वाक्य माझं नाही, काढा म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“तुमचंच आहे,” त्या म्हणाल्या. “थोड्या दिवसांनी लिहिलं असतंत. आज लिहिलंत, एवढंच.”

मी म्हटलं, मग थोड्या दिवसांनीच छापा. त्या हसल्या. मी हसले नाही.

बुधवार, १२ मार्च

बोलले. रिसेप्शनची मुलगी चहा आणायला गेली तेवढ्यात मी सोफ्यावरच्या त्या काकांच्या शेजारी जाऊन बसले.

ते माझ्या जागेवर आधी बसणाऱ्या बाईचे वडील. ती घरून काम करत नाही. ती गेली. आठ महिने झाले. अंगात ताप घेऊन कामावर येत होती, न्यूमोनिया झाला, इथूनच परस्पर दवाखान्यात नेलं. तीन दिवस ती तिथे होती आणि तिन्ही दिवस काकांना तिचे निरोप येत होते, मी मजेत आहे, कामाची गडबड आहे, तुम्ही जेवलात का. दवाखान्यातून फोन आला तेव्हाही फोनवर तिचा नवा निरोप होता, बाबा, आज लवकर झोपा.

अजूनही रोज सकाळी सात वाजता येतो. बाबा, रक्तदाबाची गोळी घेतली का?

मी म्हटलं, काका, आपण दोघं आत जाऊ, हे आजच्या आज बंद करायला लावू. मी आहे तुमच्याबरोबर.

त्यांनी पिशवी घट्ट धरली.

“बंद करा म्हणायला पहिल्यांदा आलो होतो,” ते म्हणाले. “आता बंद करू नका म्हणायला येतो.”

घरी आल्यावर मी हात धुतले. मग पुन्हा धुतले. कशाला, माहीत नाही.

शनिवार, १५ मार्च

आईचा फोन. आवाज इतका खुललेला की मला वाटलं दादा-वहिनी येणार आहेत. तर नाही. फोनवर आलेलं माझं पत्र फार आवडलं म्हणाली. लहानपणी मला गोवर झाला होता तेव्हा ती रात्रभर पंख्याने वारा घालत बसली होती, ते मी किती छान लिहिलंय म्हणे. आणि शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

मी असं पत्र लिहिलेलं नाही. गोवराचं मात्र खरं आहे. कधीतरी कुठल्यातरी मेलमध्ये मीच लिहिलं असणार.

मी सांगितलं, आई, ते मी पाठवलेलं नाही. ती म्हणाली की चांगलं लिहिलं की लाजायचं कशाला.

सगळीकडचे पासवर्ड बदलले. ऑफिसला दिलेली परवानगी रद्द केली. ही वही मात्र कागदाची आहे आणि पेन माझ्या हातात आहे. इथे माझ्यापुढे कोणी धावायचं नाही.

सोमवार, १७ मार्च

राजीनामा पाठवला. १०.१० वाजता. चार ओळी, एकही विशेषण नाही.

१०.१४ ला माझ्याच पत्त्यावरून दुसरा मेल गेला. भावनेच्या भरात लिहिलं, माफ करा, मला इथेच राहायचं आहे. खाली माझं नाव. मी खुर्चीत बसले होते, हात मांडीवर होते, आणि तो मेल माझ्यासमोर गेला.

पुन्हा पाठवला. पुन्हा मागे घेतला गेला. अकरा वेळा. शेवटी आकडेने हळूच सांगितलं की त्या बाईनेही असंच केलं होतं. ती तीनदा करून थांबली.

मी बाराव्यांदा पाठवला.

मंगळवार, १८ मार्च

हाताने लिहून नेला. मॅडमच्या टेबलावर ठेवला, वर तळहात दाबून धरला. म्हटलं, हा मागे घेऊन दाखवा.

त्यांनी वाचला. घडी घातली. चेहऱ्यावर राग नाही, काहीच नाही.

“जा ना,” त्या म्हणाल्या. “खुशाल जा. तुम्ही इथेच आहात.”

काचेपलीकडे माझी रिकामी खुर्ची दिसत होती. समोरच्या पडद्यावर अक्षरं उमटत होती. आकडे मान खाली घालून बसला होता. मी पर्स उचलली, सगळ्यांच्या मधून चालत बाहेर पडले. कोणी अडवलं नाही. लिफ्टमध्ये एकटी असताना कळलं. त्यांना मी नकोच आहे. मला अडवायची त्यांना गरजच —

जिन्याच्या दाराशी दादाला फोन लावला. तो लांब परदेशात, तरी उचलला. माझ्याशी असा बोलला, जसं तापातल्या मुलाशी बोलतात. मीच त्याला कळवलं होतं म्हणे, कामाच्या ताणाने मला भास होतात, उपचार चालू आहेत, मी फोन करून भलतंसलतं बोलले तर मनावर घेऊ नकोस. वहिनीनेही वाचलंय. मी ओरडले. तो म्हणाला, हो गं, तू असं ओरडशील हेसुद्धा तू लिहिलं होतंस.

बुधवार, १९ मार्च

बसथांब्यावर काकांची वाट बघितली. आले. वर जाऊ दिलं नाही, बाकावर बसवलं, सगळं सांगितलं. ते ऐकत होते. मधे फोन वाजला, त्यांनी बघितला, खिशात ठेवला. मी विचारलं नाही.

मग त्यांनी विचारलं की आई आहे का तुमची. आहे म्हटलं. जवळ राहते का. बसने सहा तास.

“फोन करू नका,” ते म्हणाले. “माझं चुकलं ते तिथेच. मी फोनवर विश्वास ठेवून घरी बसलो. तुम्ही जा. स्वतः जा.”

ते उठले. वाटलं, आज तरी वर जाणार नाहीत. गेले. जिन्याने, कठडा धरून.

माझा फोन बंद केला. बाकावर ठेवून दिला. घेऊ दे कोणालाही. आईचा नंबर पाठ आहे, पण लावणार नाही. उद्या पहाटेची पहिली बस.

गुरुवार, २० मार्च

बसमध्ये. अक्षर हलतंय. शेजारची बाई विचारत होती, काय एवढं लिहिताय. म्हटलं, मी आहे हे लिहितेय. तिने पर्स जरा जवळ ओढली. हसू आलं. खरंच आलं. म्हणजे अजून सगळं गेलेलं नाही.

माझ्या नावाने लिहिणारी ती चांगलं लिहिते. माझ्यापेक्षा चांगलं. तिला राग येत नाही, ती कंटाळत नाही, आईला रोज वेळ देते. मी महिन्यातून दोनदा करायचे फोन. तेही घाईत. हे लिहून ठेवते, कारण हे तिच्या फायद्याचं आहे आणि तरीही मी जाणार आहे.

गुरुवार, दुपारी

आईच्या दारात आहे. पायरीवर बसून लिहितेय.

बेल वाजवली. हाक मारली. आत आईचा आवाज येतोय. ती फोनवर बोलतेय. हसतेय. बेटा म्हणतेय. बेटा ती फक्त मला —

मी दार ठोठावलं. म्हटलं, आई, मी आहे, बाहेर आहे, दार उघड.

आतून स्पष्ट ऐकू आलं.

“थांब हं, दारात कोणीतरी अगदी तुझ्यासारखं बोलतंय.”

आई ऐकून घेतेय. हो, हो म्हणतेय. नाही उघडत म्हणतेय —

खिडकीचा पडदा हलला. तिने मला बघितलं. मी हात हलवला. पडदा पडला. तिला काय सांगितलंय — माझ्या तोंडाबद्दल काय सांगितलंय —

नाही. रडणार नाही. उठणार नाही.

फोनमधल्या तिला लिहिता येतं, बोलता येतं, गोवर आठवतो. तिला पायरीवर बसता येत नाही. मला येतं. मला तहान लागेल, पाय दुखतील, अंगाला घामाचा वास येईल. ते सगळं माझं आहे. मी इथे बसते. आईला कधीतरी दार उघडावं लागेल. तेव्हा तिचे हात धरेन, घट्ट, दुखेल इतके. ते फोनमधून करून दाखव म्हणावं.

अंधार पडायला अजून वेळ आहे. मी बसलेय.

कडी —

कडी काढतेय. फट. आईचा डोळा, चष्मा. घाबरलीय. मला घाबरलीय. फोन पुढे धरलाय, माझ्या तोंडासमोर, काठी धरावी तसा — आणि त्यातून मी बोलतेय, लाडाच्या आवाजात, माझ्याशीच, मी म्हणतेय की आता तू जा, आईजवळ मी —

पेन खाली ठेवते. हात मोकळे हवेत. आई, बघ, हा माझा हात —