खंडेनवमीला उचललेला पाना

दादा, तुमच्या पेटीतला दहा नंबरचा पाना मी खंडेनवमीच्या दिवशी पूजेतून उचलला. झेंडूची फुलं बाजूला सारली, कुंकू पदराला पुसलं आणि पाना घेऊन गेले. घरात त्यावरून अजून धुसफूस चालू आहे. तुमच्या कानावर दुसऱ्या कुणी घालण्याआधी मीच सांगावं म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतका काळ लोटल्यावर असं लिहिणं हास्यास्पद आहे, हे मला कळतं. पण या घरात जिवंत माणसांशी बोलून काय हाती लागतं, तेही मी पाहिलेलं आहे.

पाना लागला तो माझ्या गाडीसाठी. तुम्ही ती पाहिली नाही. छोटी, पांढरी, तीन सिलिंडरची. शाळेत इंग्रजी शिकवत होते तेव्हा नवी घेतली होती; आता दारं खालून गंजली आहेत आणि मागचं डावं दार फक्त आतून उघडतं. निवृत्तीनंतर आईचं करायला म्हणून मी लोहाऱ्याला या घरी आले. आई गेली आणि मी राहिले. कुणी राहा म्हणालं नाही, कुणी जा म्हणालं नाही. तुमचा मुलगा, माझा धाकटा भाऊ, वाईट नाही, दादा. जेवायला मिळतं, औषधं मिळतात, वेगळी खोली आहे. फक्त चपला पायात घातल्या की ओसरीवरून आवाज येतो, "अक्का, कुठं निघालात?" उत्तर दिलं की पुढचा प्रश्न, "कशाला?" त्याचंही उत्तर दिलं की म्हणतो, "मग सांगायचं ना, आणून दिलं असतं की." त्याला सगळं आणून देता येतं. वर्गात साठ मुलांना एका नजरेत गप्प करणारी बाई मी, आणि दोऱ्याचं रीळ घ्यायला जायचं तर कारण सांगते. गाडी चालू असली की निदान तो प्रश्न संपायच्या आत मी फाटकाबाहेर असते.

गाडीची दुरुस्ती मी स्वतः करते, हे ऐकून तुम्हाला धक्का बसेल. बसू द्या. इथल्या गॅरेजवाल्याने शिकवलं, म्हणजे त्याच्या उर्मटपणाने. गाडी गरम होते म्हणून नेली, तर हा माझ्या डोक्यावरून मागे बघतो आणि म्हणतो, "मालक आलेत का संगं? त्यांना सांगितलं आस्तं काय झालंय ते." मी म्हटलं, "मालक समोरच उभी आहे, चष्मा मला लागलाय, तुम्हाला नाही." तशीच गाडी परत आणली. गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक इंग्रजीत होतं, ते पहिल्या पानापासून वाचलं. कॉन्व्हेंटच्या शिक्षणाचा इतका रोकडा उपयोग मला त्याआधी कधी झाला नव्हता. रेडिएटरचा पाइप सैल झाला होता, बस्स. त्यानंतर एअर फिल्टर झाडला, प्लग घासले, हेडलाइटचा बल्ब बदलला, क्लचची केबल आवळली. भाचेसुना हसायच्या. हसोत.

आणि प्रत्येक वेळी मला तुमच्यावर राग यायचा. का, ते सांगते. सुट्टीत मी सोलापूरच्या हॉस्टेलमधून आलेली असते. आई डबा देऊन मला तुमच्या एस.टी. डेपोत पाठवते. तुम्ही बसच्या खाली आहात, नुसते पाय दिसताहेत. आतून हात बाहेर येतो आणि तुम्ही कुणाला तरी म्हणता, "चौदाचा दे." शेजारी कुणी नाही. मी पेटीत बघते, आकडे वाचते, चौदाचा पाना तुमच्या हातावर ठेवते. काम होतं. तुम्ही सरपटत बाहेर येता, मला बघता आणि तुमचा चेहरा उतरतो. तो चेहरा मी अजून विसरलेले नाही. "तू दिलास व्हय? हात दाखव." माझ्या बोटांना ग्रीस लागलेलं. तुम्ही चिंधी रॉकेलमध्ये बुडवून माझी बोटं एकेक करून पुसलीत, इतकी घासून की कातडी लाल झाली. "मडमांच्या शाळेत तुला हे करायला घातलं न्हाय. पुन्हा पेटीला हात लावायचा न्हाय." मी बरोबर पाना दिला होता, दादा. न विचारता, न चुकता. त्याबद्दल एक शब्द तुम्ही बोलला नाहीत.

तुमच्या स्वतःच्या हातांची तुम्हाला लाज वाटायची, हे मला फार उशिरा कळलं. हॉस्टेलमधून मी घरी आले की तुम्ही आमटीभात चमच्याने खायचात. मी आपली समजायचे, दादा माझ्यासाठी साहेबी रीत शिकताहेत. एकदा आईजवळ बोलले तर ती चुलीपुढून म्हणाली, "कशाची रीत? नखं काळी हायती म्हणून. तू गेलीस की हातानंच खात्यात." मला तेव्हाही वाईट वाटलं होतं, पण तुमच्याबद्दल नाही. पोरीपासून हात लपवणारा बाप पोरीला काय समजत असेल, असं वाटलं होतं. मॅट्रिकला पहिली आले तेव्हा तुम्ही मला शाईचं पेन दिलंत. चांगलं होतं, पुष्कळ वर्षं वापरलं. आणि पेटी ठेवलीत मुलासाठी, ज्याला डेपोच्या वासानेच मळमळायचं आणि जो आजही सायकलची हवा दुसऱ्याकडून भरून घेतो.

त्याने तुमच्या पेटीचं काय केलं, विचारा. तांबड्या फडक्यात बांधून देवघराखाली ठेवली. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, बाहेर काढतो. पाटावर पाने ओळीने मांडतो, हळदकुंकू वाहतो, नारळ फोडतो, ट्रॅक्टरला हार घालतो आणि पुन्हा सगळं बांधून ठेवतो. इतक्या वर्षांचं कुंकू पान्यांच्या जबड्यात बसून घट्ट झालंय. तुमची वस्तू म्हणून जपतो, हे मी नाकारत नाही. पण पूजेशिवाय त्या पान्यांना दुसरा धंदा राहिलेला नाही.

आता यंदाचं. गेल्या साली सोयाबीन निघालं, तेव्हा भाव येईल म्हणून तुमच्या मुलाने ते विकलं नाही. पोती रचली माझ्या गाडीच्या भोवती, पत्र्याच्या शेडमध्ये. मी म्हटलं, उंदीर होतील. "होऊ द्या की अक्का, मांजर हाय." पावसाळ्यात माझं गुडघ्याचं दुखणं निघालं, गाडी उभी राहिली. बरी झाल्यावर पोती सरकवून किल्ली फिरवली तर नुसती टिक टिक. बोनेट उघडलं तर इंजिनावर उंदरांचं घरटं. माझ्याच जुन्या शालीची लोकर, सोयाबीनची टरफलं, आणि वायरी कुरतडून तांबं उघडं पडलेलं. वाटलं होतं, भाऊ निदान ओशाळेल. तो म्हणाला, "अक्का, ती गाडी मेली आता. नवा माल यायलाय, शेड मोकळं पायजे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाला येतोय, मी सांगून ठेवलंय." सांगून ठेवलंय. माझ्या गाडीबद्दल. मला कुठं जायचं असेल तर ट्रॅक्टर आहेच की, असंही म्हणाला, आणि थट्टा करत नव्हता.

म्हणून खंडेनवमी. माझा साधा पाना बॅटरीच्या गंजलेल्या नटावर घसरत होता, नट गोल व्हायला आला होता. प्लग काढायचा लांब पाना तर माझ्याकडचा केव्हाच कुणीतरी नेलेला. देवघरापुढे तुमचे पाने मांडलेले होते, उदबत्ती अर्धी जळाली होती. मी वाकून दोन उचलले, दहा नंबरचा आणि प्लगचा. भावजय नैवेद्याचं ताट घेऊन आली आणि दारातच थबकली.

"अगं बाई! वन्सं, पूजा मोडली की!"

भाऊ धावत आला. "अक्का, काय करायलात? आज हत्यार उचलत नसत्यात. आज त्यांना इसावा असतो."

"विसावा कामानंतर असतो," मी म्हटलं. "तुमच्याकडे आल्यापासून यांनी केलंय काय?"

"दादांची हत्यारं हायती ती."

"माहीत आहे. दादांना ती वापरताना मी पाहिलंय. तुम्ही तेव्हा व्हॉलीबॉल खेळायला गेला होतात."

खरं सांगायचं तर त्याचा चेहरा पाहून मला क्षणभर वाईट वाटलं, तुमच्याविषयी त्याच्याकडे एवढंच उरलंय हे दिसलं. पण परवा भंगारवाला येणार होता, आणि वाईट वाटत बसायला मला सवड नव्हती.

शेडमध्ये मी सकाळपासून दुपार होईतो होते. घरटं चिमट्याने वेचून काढलं. तुटलेल्या वायरींचे रंग जुळवले, टोकं सोलली, पिळून जोडली. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला भरतकामात उलट बाजूही सुलट बाजूइतकीच साफ हवी म्हणून छडी मारायच्या. तो हात अजून शाबूत आहे. प्रत्येक जोडावर टेप गुंडाळली. प्लग काढले तर काजळी. घासले, पुसले, हाताने फिरवत बसवले आणि मग तुमच्या पान्याने आवळले. शेवटचा आवळताना पाना थांबला तो नेमका, ना कमी ना जास्त. तुम्ही असता तर चिंधी शोधली असतीत.

बॅटरी पार बसली होती. ट्रॅक्टरच्या बॅटरीचा करंट घ्यावा लागणार आणि ट्रॅक्टरला तर हार, म्हणजे त्यालाही आज विसावा. तेवढ्यात भावजय आली, हातात तुमच्याच पेटीतल्या जाड वायरी, दोन्ही टोकांना चिमटे असलेल्या. "ह्याच लागत्यात न्हवं? आमच्या माहेरी असंच चालू करत्यात." मी बघतच राहिले. "बघू नका वन्सं, लौकर करा. हे गावात गेल्यात." तिनेच ट्रॅक्टर पुढे घेतला, हारासकट, तिला तो चालवता येतो हे मला या घरात इतके दिवस राहून माहीत नव्हतं. चिमटे लावले, किल्ली फिरवली. गाडी खोकली, थांबली, पुन्हा खोकली आणि लागली. टरफलं सायलेन्सरमधून उडाली. भावजय तोंडाला पदर लावून हसत होती. "जावा आता," ती म्हणाली, "कुठं म्हणून इचारत न्हाय."

मी गेले. फाटकाबाहेर, गावाबाहेर, तशीच थेट हायवेला लागून अणदूरपर्यंत. ज्वारीची पेरणी चालली होती, खिडकी उघडी होती, मागून कुणी हाक मारत नव्हतं. पण बॅटरी चार्ज धरत नाही, हे मला ठाऊक होतं. इंजिन बंद केलं की गाडी पुन्हा लागणार नाही. म्हणजे मला कुठेही उतरता येत नव्हतं. खंडोबाला लांबूनच हात जोडले. हॉटेलवाल्याने चहा खिडकीशी आणून दिला. "बाई, बंद करा की, पेट्रोल जळायलंय."

"बंद केली तर ढकलाल का?"

"ढकलू की! पण कुठवर जायचंय?"

काय सांगणार? चहा संपवला, गाडी वळवली आणि घरी आले. शेडमध्ये आणून बंद केली, तोंड फाटकाकडे करून. भावाने जेवताना फक्त एवढं विचारलं, "कुठपत्तूर गेल्ता?" मी सांगितलं. तो म्हणाला, "बरी पळती म्हणायची." पाने धुऊन पाटावर परत ठेवले होते, ते त्याने मुकाट्याने फडक्यात बांधले.

आज सकाळी भंगारवाला आला. मी बोनेट उघडून दाखवलं, भावजयीने न सांगता ट्रॅक्टर जवळ आणला, गाडी लागली. तो म्हणाला, "बाई, चालू हाय तर जास्त दीन की." मी म्हटलं, "बंद पडलेलं काही हवं असेल तर ओसरीवर बसलंय, उचला." भाऊसुद्धा हसला. भंगारवाला चहा पिऊन गेला. सोयाबीन पलीकडच्या खोलीत रचायचं ठरलं आहे. म्हणजे मी जिंकले, असं म्हणायला हरकत नाही.

हा कागद पोस्टात टाकायचा नाही. उद्या बंबात जाईल. म्हणून उरलेलं सांगते. अणदूरला तो माणूस "कुठवर" म्हणाला तेव्हा मला एकही गाव आठवलं नाही. शाळेतल्या मैत्रिणी वारल्या किंवा मुलांकडे गेल्या. भाड्याची खोली होती ती पाडली. इतकी वर्षं वाटत होतं की मला अडवलंय. बसल्या जागी इंजिन धडधडत होतं आणि अडवायला कुणी नव्हतं. बॅटरीमुळे परत यावं लागलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते पटण्यासारखं होतं.

भाऊ सारखा विचारतोय, नवी बॅटरी कधी येणार. मी सांगितलंय, उमरग्याला सांगून ठेवली आहे, या आठवड्यात येईल. दादा, बॅटरीचं मी अजून कुणाला सांगितलेलंच नाही.